मेसेजची चावी सरकारकडं असावी का? सीमाभागातल्या माणसांनी मत सांगा

शहापूरचा मोबाईलवाला
मंडळी, आधी काय झालं ते सांगतो मग मुद्द्यावर येतो. आमच्या गल्लीतल्या युवक मंडळाच्या ग्रुपवर एका पोरानं १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाला आपण मराठी माणसं पाळतो त्या काळ्या दिनाच्या फेरीचा मेसेज फॉरवर्ड केला, त्याच्या बुडाशी कुणीतरी दुकानांच्या पाट्यांवरनं दोन भडक ओळी जोडलेल्या होत्या, पोरानं शेवटपर्यंत वाचलंबी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ॲडमिनला बोलावणं आलं, तीन तास बसवून ठेवलं, आणि प्रश्न एकच, हे पहिल्यांदा कुणी लिहिलं? त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याच्याकडं चार ग्रुप फिरून आलेलं.
तेव्हापासनं मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतोय ग्रुप सिग्नल ॲपवर नेऊया, दुसरा म्हणतोय आपण काय चोर आहोत काय लपायला. काल तर एक जण म्हणाला की मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला हे कंपनीनं सांगितलंच पाहिजे, २०२१ च्या आयटी नियमात तसं लिहिलंयच, मग आपल्यासारख्या निरपराध माणसाला त्रास होणार नाही.
माझं मत उलटं आहे आणि ते ठाम आहे. लोकांचे मेसेज उघडून बघायची ही चावी कुणालाच देऊ नये, आणि सीमाभागातल्या माणसानं तर अजिबात मागू नये. सीमाभाग महाराष्ट्रात जावा हा आपला दावा २००४ पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्यात कर्नाटक सरकार एक पक्षकार आहे. ज्याच्याशी तुमचं भांडण चालू आहे त्याच्याच हातात तुमच्या घरच्या बोलण्याची किल्ली देणार काय?

वडगावची सून
दादा, तुमच्या ॲडमिनला झालेला त्रास चूकच. पण माझ्या घरातलंबी ऐका. माझे मामंजी मागावर काम करून म्हातारे झाले, आयुष्यभर एक एक रुपया साठवला. गेल्या वर्षी त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर एका ग्रुपात घातलं, शेअर आणि क्रिप्टोचा, रोज सकाळी कुणीतरी मॅडम टीप द्यायच्या आणि दोनशे माणसं आभार मानायची, मला एवढा फायदा झाला मला तेवढा झाला. मामंजींनी आधी पाच हजार घातले, सहा हजार परत मिळाले. मग विश्वास बसला. चार महिन्यांत सहा लाख चाळीस हजार गेले. ॲपमध्ये अकरा लाख दिसत होते, काढायला गेले तर आधी टॅक्स भरा म्हणाले, तोबी भरला त्यांनी, सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून.
ती दोनशे माणसं कोण होती हे आजपर्यंत कळलं नाही. पोलीस म्हणाले नंबर परदेशातनं चालवलेत, कंपनी मेसेज देत नाही, एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेजला कुलूप आहे. मग मला सांगा ही कुलपं कुणासाठी आहेत? माझ्या सासऱ्यांसाठी तर नव्हतीच. तुमची प्रायव्हसी तुम्हाला मोठी वाटते पण तिचे पैसे आमच्या घरानं भरलेत.

उद्यमबाग टर्नर
वहिनी बरोबर बोलल्या. मर्दानो, फाउंड्रीत रात्रपाळीला दहा माणसं असतात, त्यातल्या तिघांचे असेच गेलेत, लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही एवढंच. ज्याच्या मनात काय नाही त्यानं भ्यायचं कशाला? माझा मोबाईल घ्या आणि बघा, बायकोनं भाजी आणायला सांगितलेलं सोडून काय बी मिळायचं नाही.

कडोलीचा, सध्या बेंगळुरू
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सिक्युरिटीचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
वहिनी, तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण पोलिसांनी तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच आहे. एंड टू एंड एन्क्रिप्शन म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतो, मधल्या कंपनीला वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर २०१६ पासनं सगळ्यांना तेच आहे. आता तुमच्या मामंजींच्या केसमध्ये घेणारा कोण? मामंजी स्वतः. म्हणजे ग्रुपातला प्रत्येक मेसेज, त्या मॅडमचा प्रत्येक शब्द, खात्यांचे नंबर, सगळं त्यांच्या हातातल्या मोबाईलमध्ये उघडं पडलेलं होतं. त्यातलं काहीच एन्क्रिप्शननं लपवलेलं नव्हतं. आणि कुणाचा नंबर कधी सुरू झाला, इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरनं (आयपी) चालला, हे कंपनीकडं असतं आणि कायद्यानं मागितलं तर देतात.
पैसे गेले ते बँकेच्या खात्यात गेले ना? ती खाती भाड्याची असतात, एखाद्या गरिबाला पाच-दहा हजार देऊन त्याच्या नावावर उघडलेली. तिथनं तासाभरात पैसे चार खात्यांत फुटतात आणि शेवटी यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं, विकत घेऊन बाहेर जातात. आणि गंमत बघा, बिटकॉइन काय किंवा यूएसडीटी काय, त्याची वही सगळ्या जगाला उघडी असते, कुठल्या पत्त्यावरनं कुठं गेलं ते कुणीबी बघू शकतं, पत्त्यामागचं नाव तेवढं शोधावं लागतं. तपास अडतो तो माणसं कमी, उशीर आणि परदेशी पोलिसांची साथ नाही म्हणून, चावी नाही म्हणून नव्हे.

वडगावची सून
उघडं होतं हे मान्य. पण ते आमच्या हातात कधी आलं? मामंजींनी बारा दिवस कुणाला सांगितलंच नाही. जेवायचे नाहीत, गच्चीवर जाऊन बसायचे. आपल्या खानापूर तालुक्यात २०२५ च्या मार्चमध्ये डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे फोनवरनं खोटे पोलीस बनून अटकेच्या धमकीनं एका म्हाताऱ्या जोडप्यानं जीव दिला ते आठवत होतं मला, म्हणून मी त्यांच्या मागं मागं फिरायचे. तुम्ही म्हणता मेसेज उघडे होते, मी म्हणते आधीच कुणीतरी वरनं बघितलं असतं, की एकच मजकूर पाचशे म्हाताऱ्यांना चाललाय, तर थांबवता आलं असतं की नाही?

कडोलीचा, सध्या बेंगळुरू
आधीच बघायचं म्हणजे सगळ्यांचं बघायचं वहिनी. तुमचं माहेरी आईशी बोलणं, डॉक्टरला पाठवलेला रिपोर्ट, सगळं. एकाचंच बघणारं यंत्र बनवता येत नाही. आणि एकदा दार ठेवलं की त्यातनं कोण येईल ते आपल्या हातात राहत नाही. अमेरिकेत टेलिकॉम कंपन्यांना पोलिसांसाठी टॅपिंगची सोय कायद्यानं ठेवावी लागते, २०२४ मध्ये उघड झालं की चीनचे हॅकर त्याच सोयीत घुसलेले. एवढ्या मोठ्या देशाला आपलं मागचं दार राखता आलं नाही.

खानापूरचे निवृत्त मास्तर
तरुण मंडळी, मी पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. मला तंत्र कळत नाही पण समाज कळतो. अफवेनं काय होतं ते मी बघितलंय. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून २०१८ साली व्हॉट्सॲपवर मेसेज फिरले आणि आपल्याच राज्यात बिदर जिल्ह्यात जमावानं एका इंजिनिअर तरुणाला ठार मारलं, त्याच्याबरोबरच्या मित्रानं रस्त्यात मुलांना चॉकलेट दिली एवढाच त्यांचा गुन्हा. ते पहिलं खोटं लिहिणारा माणूस सापडू नये असं कसं म्हणता तुम्ही? लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेतली पाहिजे. पूर्वी आम्ही पत्रकं काढायचो तेव्हा खाली छापखान्याचं नाव असायचं, काढणाऱ्याचं असायचं. ते नाव टाकायला आम्ही भीत नव्हतो.

काळा कोट, बेळगाव
मास्तर, नमस्कार. पत्रक चौकात वाटायचं असतं म्हणून त्यावर नाव. घरात बायकोशी बोलताना छापखान्याचं नाव लागत नाही.
कायद्याचं थोडं सांगतो कारण ग्रुपवर फिरतंय त्यात बरंच चुकीचं आहे. २०२१ चा नियम ४ पोटनियम २, ज्या ॲपचे पन्नास लाखांवर वापरणारे आहेत त्यांना लागू. पहिला पाठवणारा शोधून द्यायला कोर्टाचा हुकूम लागतो, किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकाऱ्याचा. आता हा अधिकारी कोण? केंद्रात गृहसचिव आणि राज्यात राज्याचा गृहखात्याचा सचिव. म्हणजे कोर्टात न जातासुद्धा बेंगळुरूच्या विधानसौधातनं हुकूम निघू शकतो. आणि कारणांच्या यादीत देशाची सुरक्षा आहे तशी सार्वजनिक सुव्यवस्थाबी आहे. सीमाभागात सार्वजनिक सुव्यवस्था हा शब्द कुठं कुठं वापरला जातो हे मी कोर्टात रोज बघतो. फेरी काढली सुव्यवस्था, फलक लावला सुव्यवस्था, २०१४ ला येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला तेव्हा घराघरात शिरून लाठ्या चालल्या त्याबी सुव्यवस्थेसाठीच. त्यामुळं मोबाईलवाल्यांचा मुद्दा मला पटतो.
आणखी एक. संदेश परदेशातनं आला असेल तर भारतात ज्यानं पहिल्यांदा पुढं ढकलला तोच पहिला धरला जातो. वहिनी, तुमच्या केसमध्ये हे लावून बघा. सापडणार कोण? कदाचित टीप खरी वाटली म्हणून मित्राला पाठवणारा तुमच्या मामंजींसारखाच एखादा म्हातारा.
ॲडमिनबद्दल: मेंबरनं टाकलेल्या मेसेजला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय, केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये तेच. आपण कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो, तिथं हे निकाल बंधनकारक नाहीत पण दाखवता येतात. बोलावलं तर जावा, लेखी नोटीस मागा, मोबाईल घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा.

निपाणीचा बिटकॉइनवाला
सगळे क्रिप्टोला शिव्या घालायला लागलेत म्हणून लिहितो. आमच्या आबांचे तंबाखूचे पैसे एका पतसंस्थेत होते, चेअरमन आपलाच, संचालक पाहुणे, रोज चहाला एकत्र. बुडाली. आजपर्यंत एक पैसा नाही. तिथं कुठलं एन्क्रिप्शन होतं? मी तेव्हापासनं थोडे पैसे बिटकॉइनमध्ये ठेवतो, स्वतःच्या वॉलेटमध्ये, ते उघडायची किल्ली म्हणजे चोवीस शब्द, ते कागदावर लिहून. एकूण दोन कोटी दहा लाखांच्या वर नाणी होणार नाहीत, कुणी चेअरमन ते वाढवू शकत नाही. वहिनींच्या मामंजींना फसवलं ते खोट्या ॲपनं, त्यांनी खरं बिटकॉइन कधी बघितलंच नाही.

उद्यमबाग टर्नर
भावा, तू चोवीस शब्द सांभाळशील, आमची आई सांभाळेल काय? कागद भिजला की गेलं. आणि नफा झाला तर तीस टक्के टॅक्स, विकताना एक टक्का टीडीएस, तोटा झाला तर दुसऱ्या नफ्यातनं वजा करता येत नाही. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ॲप हॅक झालं, तेवीस कोटी डॉलरच्या वर गेले, लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले. पतसंस्थेत निदान चेअरमनच्या दारात जाऊन बसता तरी येतं.

निपाणीचा बिटकॉइनवाला
आबा दोन वर्षं बसले दारात. चहा मिळाला.
वझीरएक्सवर ठेवलं म्हणजे परत दुसऱ्याच्याच हातात दिलं की. चोवीस शब्द अवघड आहेत हे मान्य करतो, मी आईला नाही शिकवू शकलो, बहिणीला शिकवलंय.

खानापूरचे निवृत्त मास्तर
वकीलसाहेब, चावी बेंगळुरूकडं नको म्हणता. समजा उद्या आपला भाग महाराष्ट्रात गेला, माझी तर तीच इच्छा आहे, तेव्हा मुंबईकडं दिलेली चालेल काय तुम्हाला?

काळा कोट, बेळगाव
नाही मास्तर. जत आणि अक्कलकोटच्या गावांत कन्नड बोलणारी माणसं आहेत, त्यांनी आपल्या भाषेसाठी ग्रुप काढला तर तो मुंबईच्या सचिवानं का वाचावा? माझं म्हणणं मराठीपुरतं असतं तर मी ते मांडलंच नसतं. आणि तुम्हाला माहीत असेलच, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश. म्हातारपणी एका कन्नड माणसानं सुप्रीम कोर्टात जाऊन मिळवलेला हक्क आज आपल्या गल्लीतल्या मराठी पोराच्या कामाला येतोय, हे मला फार मोठं वाटतं.

खानापूरचे निवृत्त मास्तर
हे मला ठाऊक नव्हतं. तरीपण बिदरचा तो तरुण डोळ्यांसमोरनं जात नाही. कोर्टाच्याच हुकमानं, फक्त खुनासारख्या गुन्ह्यात, एवढं तरी असावं असं मला वाटतं. सचिवाला नको, हे मान्य.

कडोलीचा, सध्या बेंगळुरू
मास्तर, हुकूम कोर्टाचा असला तरी यंत्र तेच लागतं. कुठला मेसेज उद्या गुन्ह्यात निघणार हे आज माहीत नसतं म्हणून प्रत्येक मेसेजची खूण आजच साठवावी लागते. आणि तीबी पक्की नाही, मी मजकूर कॉपी करून एक टिंब वाढवलं की खूण बदलते, स्क्रीनशॉट काढला की मीच पहिला. म्हणूनच २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या वकिलांनी दिल्ली हायकोर्टात सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्हाला इथनं जावं लागेल.

शहापूरचा मोबाईलवाला
सगळ्यांचे आभार. माझ्या धंद्यातलं एक सांगतो. दुकानात रोज मोबाईल येतात, लोक चावीवरनं भांडतात पण व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर तसाच उघडा टाकलेला असतो, त्याला वेगळं एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, ते कुणीच केलेलं नसतं. आणि ‘ग्रुपमध्ये मला कोण ॲड करू शकतं’ हे सेटिंग सगळ्यांचं ‘प्रत्येकजण’ वरच असतं. वहिनी, मामंजींना अनोळखी माणसानं ग्रुपात घातलं ते यामुळंच. ते फक्त ओळखीच्यांवर ठेवलं तर निम्मं दार बंद होतं, त्याला सरकार लागत नाही. मोबाईल घेऊन या, पैसे घेणार नाही.

वडगावची सून
येते. शनिवारी बाजाराला मामंजी माझ्याबरोबर असतात, त्यांनाच घेऊन येते, तुम्ही समजावून सांगा, माझ्याकडनं ऐकायला त्यांना अवघड जातं. ऑनलाइन फसवणूक झाली की १९३० ला फोन करायचा असतो हे आम्हाला बाराव्या दिवशी कळलं, तोपर्यंत पैसे गेले त्या खात्यात चारशे रुपये उरले होते. तो नंबर तुमच्या दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही.
आणि चावीचं म्हणाल तर तुम्ही सगळ्यांनी समजावलं ते समजलं मला, पण त्या मॅडमचं खरं नाव मला अजूनबी पाहिजे.