लायब्ररियननं शिकवायचं कसं, हे लायब्ररियनला कोण शिकवणार?

करवीर_ग्रंथपाल:
कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. परवा एमएची एक पोरगी प्रोजेक्टची संदर्भसूची घेऊन काउंटरवर आली, सर हे पेपर कुठंच घावनात म्हणाली. चॅटजीपीटीकडनं काढलेली यादी. एकेक डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख नंबर, टाकून बघितला, १४ पैकी ९ पेपर नाहीतच, जर्नल खरं, लेखक खरा, पेपर मात्र कधी लिहिलेलाच नाही! तिला नुसतं चुकलंय म्हणून भागत नाही, खरा पेपर कसा हुडकायचा ते शिकवायला लागतं आणि ते शिकवायचं कसं हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात आमच्या प्रमोशनसाठीचं ट्रेनिंग बघा, ऑटोमेशन, डिजिटायझेशन, मेंटेनन्स. साठ पोरांसमोर तास कसा घ्यायचा ते त्यात कुठाय? निम्मा रिफ्रेशर कोर्स यावर पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

रंकाळा_काठ:
सर पटलं नाही. आमचा अटेंडंट रिटायर झाला, जागा तशीच रिकामी. इश्यू-रिटर्न मीच, नॅकच्या (कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या) फायली मीच, परीक्षेच्या टायमाला नो ड्यूजवर सह्या मीच. आधी माणूस द्या, मग ट्रेनिंगचं बोला.

मराठी_मास्तर:
मला तर मुळातच शंका आहे. संदर्भ कसे द्यायचे हे गाईडचं काम. ग्रंथपालानं पुस्तक आणि डेटाबेस हाताशी द्यावा, विषय न शिकलेल्या माणसानं वर्गात शिरू नये.

टीवाय_बीएस्सी:
सर रागावू नका पण एन-लिस्ट नावाचं, कॉलेजच्या पोरांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं ऑनलाइन देणारं काही असतं हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला कळलं, तेपण लायब्ररीच्या मॅडम स्वतःहून वर्गावर आल्या म्हणून. त्यांनी प्रत्येकाला मोबाईलवर लॉगिन करायला लावलं, नुसत्या स्लाइड दाखवल्या असत्या तर तेपण विसरलो असतो.

करवीर_ग्रंथपाल:
@मराठी_मास्तर, विषय तुमचाच, तिथं मी येतच नाही. पण हे जर्नल पैसे घेऊन काहीही छापतंय का, हा डीओआय खरा का, हे आमचं रोजचं काम आहे. आणि आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ ला मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल व्हायच्या आधी गणित शिकवत होते, शिकवणं आमच्या धंद्यात बाहेरनं आलेलं नाही. @रंकाळा_काठ, तुमचं खरंय, निम्मा रिफ्रेशर हे मी जास्तच बोललो. मग असं करू, महिन्यातनं एकदा एकमेकांच्या कॉलेजात जाऊन तास बघू, मागं बसू, पोरं कुठं अडली ते लिहून देऊ. या मॅडमनी केलं तसलं बघूनच कळतंय, सर्टिफिकेटनं नाही.

रंकाळा_काठ:
यायला मी तयार आहे सर, मनापासून. पण त्या दिवशी माझ्या काउंटरवर कोण बसणार तेवढं प्राचार्यांकडनं लेखी आणून द्या.