'मार्मिक'ची चित्रं: लोकांचा राग दाखवला की पेटवला?

लालबागकर:
आजोबांच्या ट्रंकेत 'मार्मिक'चे, म्हणजे बाळ ठाकऱ्यांच्या व्यंगचित्र साप्ताहिकाचे, जुने अंक सापडले. पिवळा कागद, घडीवर फाटलेला. मध्ये 'रविवारची जत्रा' हे व्यंगचित्रांचं सदर, समासात आजोबांनी पेन्सिलीनं केलेल्या बरोबरच्या खुणा. आजोबा गिरणीत होते. सभेला फारसे जात नसत, पण अंक चाळीच्या जिन्यात मोठ्यानं वाचला जायचा. ही चित्रं लोकांच्या मनातलं काढत होती, की मनात घालत होती?

दौत-लेखणी:
दोन्ही. ऑगस्ट १९६० मध्ये अंक निघाला तेव्हा महाराष्ट्र मिळाला होता, पण मुंबईत मराठी पोरं नोकरीसाठी वणवण करत होती. ती खदखद बाळ ठाकऱ्यांनी निर्माण केलेली नव्हती. पण 'वाचा आणि थंड बसा' या सदरात अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या, पुढं मथळाच 'वाचा आणि उठा' झाला. १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली. रेषेची ताकद मी मानतो, फार मानतो. ती यादी मात्र मला टोचते. चित्रात मंत्री असतो, यादीत शेजारी.

माटुंग्याची:
आम्ही तमिळ, पण घरात मराठीच जास्त. दाक्षिणात्यांविरुद्ध शिवसेनेच्या 'हटाव लुंगी'च्या घोषणा ऐकल्यावर माझ्या वडिलांनी लुंगी नेसून दुधाच्या केंद्रावर जाणं सोडलं. पहाटे पाचलासुद्धा पॅंट घालून जायचे.

लालबागकर:
ताई, आजोबांची एक खूण अशाच यादीशेजारी आहे. आज ती नावं एकेक करून वाचली.