वीज नाही म्हणून सुखी? रुन बेटावरच्या त्या लेखाला उत्तर

इंजिनरूम (धागाकर्ता)
भटकी मुक्ता यांचा इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचा लेख वाचला. फोटो झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी त्यातल्या रुन बेटावरच्या गावाबद्दल त्या लिहितात की वीज फक्त संध्याकाळी काही तास, नेट धड नाही, म्हणून तिथली माणसं अजून ओट्यावर बसून एकमेकांशी बोलतात, कुणाला काही कमी नाही, आणि "देव करो आणि इथे विकास न पोचो". खाली प्रतिसादांत बदामाच्या इमोजींचा सडा पडलाय. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी जहाजावर इंजिनिअर होतो. आमचा बोसन, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सारंग, रुनचाच. त्याच्या आईला जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. जानेवारीत तिथे पश्चिमेचा वारा असतो, समुद्र खवळलेला. रुनहून मुख्य बेटावर, बांदा नैराला, जायला लहान होडीने एरवी दोनेक तास लागतात. त्या दिवसांत होडी काढायला कुणी तयार होईना. कसंबसं नैराला आणलं, तर पुढे अंबोनची, म्हणजे मालुकू प्रांताच्या राजधानीची, जलद बोट त्या मोसमात बंद. विमान लहान, वारा असला की तेही रद्द. शेवटी सरकारी पेल्नी कंपनीच्या मोठ्या जहाजाची वाट बघत बसले, आणि ते येतं साधारण पंधरवड्याने. म्हातारी जगली, पण एक बाजू गेली ती गेलीच. हा गडी आमच्याबरोबर अटलांटिकमध्ये, रात्री डेकवर येरझारा घालत होता.

आता विजेचं. रुनचा माणूस कुपा मारतो, यलोफिन, चांगला मोठा. वीज नाही म्हणजे बर्फ नाही, आणि बर्फ नसला की माशाचा भाव बर्फवाला ठरवणार. प्यायचं पाणीही पावसाचंच, टाकीत साठवलेलं. बाईंना जे निवांतपण वाटलं, त्याचा हप्ता कोण भरतंय तेही लिहायचं होतं.

भटकी मुक्ता
काका, एवढा राग? माझ्या लेखातलं एक वाक्य उचलून फाशी देताय. मी ज्यांच्या घरी राहिले त्या मावशी अंबोनला राहून परत आलेल्या. तिथे भाड्याची खोली, सगळं विकत, वर १९९९ च्या ख्रिश्चन-मुस्लिम दंगलीची धास्ती. इथे स्वतःचं छप्पर, दारात जायफळ, नवरा मासे आणतो. "मी का जाऊ?" हे त्या म्हणाल्या, मी नाही. त्यांनी त्यांचं सुख सांगितलं तर तेही मी तुमच्या परवानगीने छापायचं का?

आणि साधा प्रश्न. तुम्ही रुनवर पाय ठेवलाय?

इंजिनरूम
नाही ठेवला. बांदा समुद्रातून गेलोय, बेटं लांबून पाहिली आहेत. तुम्ही किती राहिलात? बोट येईपर्यंतच ना? परतीची बोट ठरलेली असली की कुठलंही बेट सुंदर दिसतं. आणि दंगलीची झळ बांदालाही लागली होती, नैरावर माणसं मारली गेली. मावशींना विचारा.

कडूकारले
थोडक्यात, एकजण राहून आली आणि तिला काही दिसलं नाही, दुसऱ्याने लांबून पाहिलं आणि त्याला सगळं दिसलं. चालू द्या.

इतिहासाचा कीडा
मूळ लेखात "इंग्रजांनी रुन देऊन न्यूयॉर्क घेतलं" असं आहे. हे पर्यटकांना सांगायचं वाक्य झालं. न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांनी डचांकडून १६६४ मध्येच बळकावलं होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं एवढंच की ज्याच्या हातात जे आहे ते त्याचं. त्यात डचांकडे सुरिनामही राहिलं, पण ते कुणी सांगत नाही, कारण त्याने गोष्ट रंगत नाही.

मुख्य मुद्दा त्याच्या आधीचा आहे. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझून कून जायफळाच्या मक्तेदारीसाठी आरमार घेऊन आला. बांदाची लोकसंख्या तेव्हा १५ हजारांच्या आसपास मानतात, उरले हजारभर. जे निसटले ते केई बेटांवर गेले. तिथल्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांत जुनी बांदानी भाषा आजही बोलतात, खुद्द बांदामध्ये ती नाही. मळ्यांवर कामाला बाहेरून गुलाम आणि मजूर आणले. आणि रुनवरची जायफळाची झाडं तर डचांनीच तोडून टाकली, इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून. तेव्हा मुक्ताताई, "विकास न पोचो" म्हणायला आपण चारेकशे वर्षं उशीर केलाय.

कडूकारले
कीडासाहेब, सुरिनामचा धागा वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. वचन.

वाशीवाला
आमचा मसाल्याचा धंदा, वडिलांपासून. इंडोनेशियाचं जायफळ आणि जायपत्री कायम येते, म्हणून बोलतो. गाव गरीब राहतं त्याला बोट हे कारण आहेच, पण निम्मं. उरलेलं वाळवणात आहे. जायफळ कवचासकट हळूहळू वाळवावं लागतं, आत गर खुळखुळ वाजेपर्यंत. पावसाळी हवेत घाई केली की बुरशी येते, बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष, आणि युरोपवाले माल परत पाठवतात. आता बेटावर घेणारा एकच. तो चांगला वाळलेला आणि अर्धा ओला माल एकाच भावाने, एकाच पोत्यात घेतो. मग बाई कशाला धुरीवर महिनाभर राखत बसेल? पुढे जावा बेटावरच्या सुरबाया बंदरात निवडून प्रती लागतात. तो नफा तिथेच राहतो, मागे बेटावर येत नाही.

जायपत्री वजनाला हलकी, पण भाव जायफळाहून चांगला. ती जपली तरी घर चालतं.

आंबाफणस
वाशीवाले, तुम्ही भावाबद्दल न बोललेलं बरं! गुहागरकडे आमची नारळ-सुपारीची बाग आहे. मधल्या जागेत जायफळ लावा, सावली आवडते, सोनं पिकेल असं सगळ्यांनी सांगितलं. एका नर्सरीतून बियांपासून केलेली रोपं आणली. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. रोप बघून कळत नाही, फूल येईपर्यंत थांबायचं, म्हणजे सहा-सात वर्षं. शेणखत घातलं, वानर हाकलले. फूल आलं तर निम्म्याहून जास्त नर! नर्सरीवाला म्हणतो, काका, नशीब.

वाशीवाला
यात व्यापाऱ्याने काय केलं? तुम्ही कलमं का नाही घेतलीत? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण सुगंधा आहे, एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं.

आंबाफणस
आता सांगताय? आणि मी नंतर कलमं बांधली हो. उरलेल्या मादी झाडांची फळं घेऊन बाजारात गेलो तर तुमच्यासारखाच एकजण म्हणाला, इंडोनेशियाचा माल स्वस्त पडतो, तुमचं कोण घेणार. म्हणजे त्या रुनच्या बाईला कमी द्यायचं आणि तिचं नाव सांगून मला पण कमी द्यायचं. दोन्हीकडून तुम्हीच.

वाशीवाला
असं आहे तर रडण्यापेक्षा चार बागायतदार एकत्र या, वाळवणयंत्र बसवा, ओलावा मोजून प्रत लावून आणा. मी स्वतः वरचा भाव देईन. पण तुम्हाला पोतं उघडून दाखवायचाही कंटाळा. गेल्या हंगामात एकाने पोत्याच्या तळाशी किडकी फळं भरून आणली होती. सज्जन माणूस, देवळाचा विश्वस्त.

आंबाफणस
विश्वस्तांवर जाऊ नका!!

जकार्तावासी
नर-मादी संपलं असेल तर बोलू? (आंबाफणसदादा, बांदामध्येही बियांपासूनच झाडं होतात, तिथेही निम्मी नर निघतात. फक्त ते वर उंच कनारी वृक्षांची सावली ठेवतात, आणि कबुतरं बी पसरवतात म्हणून झाडाचे पैसे नर्सरीला जात नाहीत.)

मी लग्नानंतर इकडे आले, ऑफिसात मालुकूची बरीच मुलं आहेत. इंजिनरूमदादांचं बोटीबद्दलचं खरं आहे. पण सरकारने काहीच केलं नाही असा जो सूर लागलाय तो बरोबर नाही. २०१४ चा गावांचा कायदा झाल्यापासून दर गावाला थेट निधी येतो. त्यातून काँक्रीटच्या पायवाटा, पाण्याच्या टाक्या, धक्के झाले. सबसिडीची जहाजं आहेत, इंधनाला देशभर एक भाव असं २०१७ पासून धोरण आहे.

पोरं गाव सोडतात ती शाळेसाठी. पुढच्या शाळेला नैरा, मग अंबोन, मग सुलावेसी बेटावरचं मोठं शहर मकासर. एकदा मुलगी मकासरला शिकली की तिला परत बोलावायचं कशासाठी? कंत्राटी शिक्षिकेच्या पगारासाठी? आमच्या ऑफिसातली एकजण दर ईदला घरी जाते आणि दर वेळी आई विचारते, आता राहतेस ना. ती सांगते, पुढच्या वर्षी. घराचं नवं पत्र्याचं छप्पर तिच्याच पगारातलं आहे.

इंजिनरूम
धक्का बांधला, उत्तम. धक्क्याला लागणारी बोट कोण देणार? इंधनाला एक भाव म्हणे. तो पंपावर. पंप नैराला. रुनला बाटलीतून घ्या आणि मग भाव विचारा. बोसन हसायचा त्या धोरणाला.

जकार्तावासी
हसायचा, पण त्याची मतं २०१९ पर्यंतची असतील तर सांगते, देशाच्या पूर्वेकडे फायबर केबल त्याच वर्षी पुरी झाली. आता पोरं फोनवर अंबोनमधला माशाचा भाव बघून मग व्यापाऱ्याशी बोलतात. भाव मिळतो असं नाही, पण निदान फसवलं जातंय हे कळतं. तुम्ही बोसनचं बेट जसं गोठवून ठेवलंय, तसंच मुक्ताने तिचं ठेवलंय.

भटकी मुक्ता
हे मात्र मला लागलं. बरं.

पण एक सांगते, जे कुणीच बोलत नाहीये. मालुकूमध्ये सासी नावाची चाल आहे. गावची मंडळी ठरवतात की अमुक महिने समुद्रकाकडी, शिंपले, कधी जायफळसुद्धा कुणी काढायचं नाही. मोडलं तर दंड. ठरल्या दिवशी बंदी उठते आणि सगळे एकदम उतरतात. आपल्याकडे पावसाळ्यातली मासेमारीबंदी सरकार घालतं, आणि आपण ती कशी पाळतो ते सगळ्यांना माहीत आहे. मला विकास नको म्हणजे हे मोडायला नको, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य ओव्हर झालं.

इंजिनरूम
ओव्हर झालं हे मान्य केल्याबद्दल आभारी आहे, आजचा दिवस सार्थकी लागला. सासी चांगली, शंभर टक्के. पण सासी किनाऱ्यापुरती. बाहेर खोल समुद्रात मोठ्या बोटी येऊन मासे उपसून नेतात, तिथे गावची सासी कोण ऐकणार? २०१४ नंतर सुसी पुजिआस्तुती मत्स्यमंत्री असताना परदेशी बोटी पकडून बुडवल्या, तेव्हा बोसन खूश होता. म्हणाला, कुपा परत जवळ यायला लागला. म्हणजे बघा, गावाला सरकार लागतंच.

कडूकारले
अरे वा. म्हणजे विकास पोचो, पण बोट बुडवायला.

भटकी मुक्ता
मग पर्यटनाचं बोला. दोन-चार घरांनी खोल्या काढल्यात, पाहुणे येतात, बाई स्वयंपाकाचे पैसे मिळवते. तो मार्ग का नको? प्रवाळ बघायला जगभरातून लोक येतात. बांदातला गुनुंग अपी ज्वालामुखी १९८८ मध्ये फुटला, त्या लाव्ह्यावर प्रवाळ इतक्या लवकर वाढलं की शास्त्रज्ञही चकित झाले.

इंजिनरूम
येतात ते बोटीवर झोपतात, बोटीवर जेवतात, बुडी मारून जातात. गावाच्या वाट्याला हात हलवणं. खोल्या घेणारे तुमच्यासारखे हातावर मोजण्याइतके, तेही फक्त समुद्र शांत असताना. उरलेले महिने ती बाई काय करणार?

भटकी मुक्ता
उरलेले महिने ती जायफळ वाळवते. जरा वरचे प्रतिसाद वाचा.

आंबाफणस
आणि निम्मी नर झाडं सांभाळते.

जकार्तावासी
इंजिनरूमदादा, तुमच्या बोसनने स्वतः काय ठरवलंय? निवृत्तीनंतर कुठे?

इंजिनरूम
हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. त्याने रुनलाच घर बांधलंय. सिमेंटचं, फरशी घालून, समुद्राकडे तोंड करून. सोलर पॅनल आणि डीप फ्रीजर स्वतःच्या पैशाने घेतलाय, बर्फ करून शेजाऱ्यांना विकणार म्हणे. मुलांना मात्र मकासरलाच ठेवलंय, ती परत येणार नाहीत हे तो आत्ताच सांगतो.

मुक्ताताई, यावर लगेच बदाम टाकू नका.

भटकी मुक्ता
टाकला.

वाशीवाला
त्या बोसनला विचारा, जायपत्री कवचापासून अखंड काढून, सावलीत वाळवून देणार असेल तर मला थेट पाठवेल का. पोतं नको, डब्यात. ओलावा मोजून. भाव मी आधी सांगतो, माल नंतर.

आंबाफणस
त्याला आधी सांगा. मला नाही सांगितलात कधी.