कॉन्फरन्स बदलते फुटबॉलसाठी. मग बाकीच्या खेळांनी आणि मागे राहिलेल्या विद्यापीठांनी काय करायचे?

वायव्यवासी यांचा प्रश्न:

मी गेली काही वर्षे अमेरिकेच्या वायव्य भागात राहतो आणि इथल्या विद्यापीठांचे सामने आवडीने पाहतो. २०२४ च्या उन्हाळ्यापासून मात्र कोण कोणत्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, आहे, हे लक्षात ठेवणे अवघड झाले आहे. सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनमध्ये गेले, पॅसिफिकच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळू लागली, आणि आमच्याच राज्यातले वॉशिंग्टन स्टेट ऑरेगन स्टेटसह या सर्वांच्या जुन्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये एकटे उरले. बिग टेनमध्ये आज अठरा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा सदस्य आहेत, तेव्हा नावांवर विसंबून राहण्यातही अर्थ उरलेला नाही.

हे सगळे अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणाच्या पैशासाठी झाले, एवढे ठाऊक आहे. मला समजून घ्यायचे आहे ते पुढचे. फुटबॉलचा संघ कॉन्फरन्स बदलतो तेव्हा व्हॉलीबॉल, पोहणे, सॉफ्टबॉल या संघांनाही त्याच्यामागे का जावे लागते? आणि ज्या विद्यापीठांना कोणी बोलावले नाही, त्यांचे नेमके काय नुकसान होते? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. माझ्या एका स्नेह्यांची मुलगी शाळेत उत्तम व्हॉलीबॉल खेळते आणि २०२७ मध्ये महाविद्यालयात जाईल, त्यामुळे आमच्याकडे सध्या हाच विषय चालू असतो.

---

जुना प्रेक्षक यांचे उत्तर:

याचे मूळ १९८४ सालच्या एका निकालात आहे. तोपर्यंत कोणता संघ हंगामात किती वेळा दूरचित्रवाणीवर दिसेल, हे एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडून काढली. हक्क विद्यापीठांकडे आले, पण एकेकट्याने सौदा करण्यापेक्षा गटाने केल्यास भाव अधिक मिळतो, हे लवकरच सर्वांना उमगले. शेजारच्या विद्यापीठांशी नियमित सामने खेळता यावेत म्हणून बांधलेली कॉन्फरन्स अशा रीतीने प्रक्षेपणाचे हक्क एकगठ्ठा विकणारी संस्था बनली.

त्यानंतरच्या स्थलांतरांमध्ये मला दोन वेगळे टप्पे दिसतात आणि त्यांची गल्लत होऊ नये असे वाटते. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली, तेव्हा उत्पन्न केबल जोडलेल्या घरांच्या संख्येवर अवलंबून होते. त्या वाहिनीचे सामने पाहा किंवा पाहू नका, मासिक बिलातून तिचा वाटा जातच असे. मेरीलँड आणि रटगर्स यांना २०१४ मध्ये सामावून घेण्यामागे वॉशिंग्टन-बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क या महानगरांतली घरे होती. रटगर्सच्या फुटबॉलची त्या काळातली कामगिरी पाहिली तर दुसरे कारण शोधूनही सापडणार नाही. पुढे लोक केबल तोडू लागले आणि गणित उलटले. आता घरांची संख्या महत्त्वाची नाही, तर देशभरातले लोक बसून पाहतील असा सामना महत्त्वाचा आहे. त्यामुळे टेक्सस आणि ओक्लाहोमा आग्नेयेकडच्या एसईसी या कॉन्फरन्समध्ये आणि लॉस एंजेलिसची यूएससी व यूसीएलए ही विद्यापीठे बिग टेनमध्ये गेली. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एक वर्ष आधी सुटका करून घेण्यासाठी दोघांत मिळून १० कोटी डॉलर मोजले आणि तरीही त्यांना तो व्यवहार फायद्याचा वाटला, यावरून पुढच्या रकमेची कल्पना यावी. बिग टेनचा २०२३ पासूनचा सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे.

इतर खेळांबद्दल सांगायचे तर, कॉन्फरन्सचे सदस्यत्व संघाला मिळत नाही, विद्यापीठाला मिळते. आणि सदस्य झाल्यावर कॉन्फरन्स चालवत असलेले खेळ तिच्यातच खेळणे सामान्यतः बंधनकारक असते. अपवाद आहेत. नोत्र दाम विद्यापीठ फुटबॉलमध्ये स्वतंत्र राहते आणि बहुतेक इतर खेळ अटलांटिक कोस्टमध्ये खेळते. कनेटिकटने २०२० मध्ये याच्या उलट मार्ग धरला: बास्केटबॉल आणि इतर खेळ बिग ईस्टमध्ये परत नेले आणि फुटबॉल स्वतंत्र ठेवले. पण नोत्र दामचे नाव एवढे मोठे आहे की ते स्वतःच्या अटी घालू शकते, आणि कनेटिकटने बास्केटबॉलसाठी फुटबॉलकडे दुय्यम दृष्टीने पाहण्याची तयारी दाखवली. बाकीच्यांजवळ यांपैकी काहीच नसते, त्यामुळे फुटबॉल जाईल तिकडे सगळ्यांना जावे लागते.

---

गव्हाळ टेकड्या यांचे उत्तर:

मागे राहिलेल्या विद्यापीठांविषयी मी लिहितो, कारण पुलमन आणि तिथले वॉशिंग्टन स्टेट यांच्याशी माझा जवळचा संबंध आहे. पूर्व वॉशिंग्टनमधल्या गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या या छोट्या गावात विद्यापीठ वगळले तर फारसे काही उरत नाही, आणि हीच बाब विद्यापीठाच्या मुळावर आली.

२०२३ च्या जुलैअखेर कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्हची वाट धरली. ४ ऑगस्ट रोजी, एकाच दिवसात, ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनला आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व यूटा बिग ट्वेल्व्हला मिळाले. पॅक-१२ पुढे त्या वेळी प्रक्षेपणासाठी ॲपल कंपनीचा प्रस्ताव होता, पण त्यातली कमाई वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होती आणि तो धोका पत्करायला मोठी विद्यापीठे तयार झाली नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी स्टॅनफर्ड आणि बर्कलीही गेली. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या कॉन्फरन्समध्ये दोन सदस्य उरले आणि त्यांना प्रथम न्यायालयात जावे लागले ते बाहेर पडणाऱ्या दहा विद्यापीठांनी कॉन्फरन्सच्या निधीवर निर्णय घेऊ नयेत यासाठी. तो लढा त्यांनी जिंकला. पुढे तडजोड झाली आणि जाणाऱ्यांनी साडेसहा कोटी डॉलर मागे सोडले.

पण पैशाने प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. २०२४ च्या हंगामात फुटबॉलचे वेळापत्रक भरण्यासाठी या दोघांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला १ कोटी ४० लाख डॉलर दिले. २०२५ मध्ये ते एकमेकांशीच दोनदा खेळले. बहुतेक इतर खेळ पाहुण्यासारखे वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. ऑरेगन स्टेटच्या बेसबॉल संघाने, ज्याने तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे, २०२५ चा हंगाम कोणत्याही कॉन्फरन्सविना, मिळेल तिथे सामने खेळत काढला आणि तरीही ओमाहा इथली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा गाठली. त्या संघाविषयी मला अतोनात आदर आहे, परंतु असा पराक्रम दरवर्षी करून दाखवणे कोणाला शक्य आहे?

नुकसान दिसते ते अशा ठिकाणी. वॉशिंग्टन स्टेटने जून २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधील उड्यांचे आणि फेकीचे प्रकार बंद केले आणि लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर देण्याचे ठरवले. गोळाफेक करणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्याही वाहिनीचे काही बिघडवले नव्हते, पण सुक्याबरोबर ओलेही जळते. आमचा वॉशिंग्टनशी होणारा ॲपल कप हा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, थंडीत, कधी बर्फात व्हायचा. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला सिॲटलच्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर झाला. आम्ही २४-१९ ने जिंकलो, एवढे नमूद केल्यावाचून मला राहवत नाही. पण हंगामाच्या तिसऱ्याच आठवड्यात उरकलेल्या सामन्याला ती धार कोठून यावी?

पॅक-१२ ची पुनर्बांधणी करताना बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट यांना त्याच माउंटन वेस्टमधून ओढून घेण्यात आले, आणि १ जुलै २०२६ ही त्यांच्या प्रवेशाची तारीख ठरली. ज्यांनी आम्हाला अडचणीत सामने दिले, त्यांचेच घर आम्ही फोडले. याचे समर्थन मला करता येत नाही. दुसरा मार्ग सांगा म्हटले तर तोही सांगता येत नाही.

---

हिशेबी यांचे उत्तर:

वरच्या उत्तरातली व्यथा मान्य आहे, पण जुनी रचना चिरस्थायी होती आणि ती २०२३ मध्ये कोणीतरी मोडली, हा सूर मला पटत नाही. टेक्ससच्या विद्यापीठांची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्येच संपली. आर्कन्सॉ आधीच एसईसीला गेले होते, गैरप्रकारांमुळे एसएमयू या सदस्य विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द झाला होता, आणि शेवटी टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक व बेलर यांनी बिग एट या दुसऱ्या कॉन्फरन्सशी मिळून बिग ट्वेल्व्ह उभारली. टीसीयू, एसएमयू, राइस आणि ह्यूस्टन यांना कोणी विचारले नाही.

त्या चौघांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. टीसीयू सोळा वर्षे एका कॉन्फरन्समधून दुसरीत फिरत राहिले, २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये पोहोचले आणि जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना खेळले (तिथे जॉर्जियाने ६५-७ असा धुव्वा उडवला, ते असो). ह्यूस्टन २०२३ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये आले. एसएमयूने २०२४ मध्ये अटलांटिक कोस्टमध्ये प्रवेश मिळवला आणि पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये स्थान पटकावले. राइस मात्र अजून बाहेरच आहे. म्हणजे परतीची वाट असते, पण ती पंधरा ते तीस वर्षांची असते आणि सर्वांना सापडत नाही. प्रशिक्षकांच्या कितीतरी पिढ्या आणि विद्यार्थ्यांच्या त्याहून अधिक पिढ्या त्यात जातात.

दुसरा मुद्दा असा की ‘जिंकलेल्या’ विद्यापीठांचा हिशेबही नीट तपासला पाहिजे. एसएमयूने प्रक्षेपणाच्या वाट्यावर नऊ वर्षे पाणी सोडले आणि ती खोट धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी भरून काढण्याचे ठरले. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना पहिली सात वर्षे जेमतेम ३० टक्के वाटा आहे. ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांना बिग टेनमध्ये साधारण ३ कोटी डॉलरपासून सुरुवात करावी लागली, जी रक्कम जुन्या सदस्यांच्या वाट्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. यूसीएलएचे प्रकरण तर मजेशीर आहे: त्याच्या जाण्याने बर्कलीचे नुकसान झाले, आणि दोन्ही संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच असल्याने नियामक मंडळाने यूसीएलएला बर्कलीला सहा वर्षे दरवर्षी १ कोटी डॉलर देण्यास सांगितले. एका हाताने कमावायचे आणि दुसऱ्या हाताने भावाला पोटगी द्यायची, असा हा प्रकार आहे.

---

वायव्यवासी यांची पुरवणी:

तिन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. पैशाची बाजू आता स्पष्ट झाली. मुलीच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट विचारायची राहिली: बिग टेनमधल्या पश्चिमेकडच्या एखाद्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, तर नकाशा पाहून ती नाकारावी, असे कोणी सुचवील काय?

---

मैदानाबाहेर यांचे उत्तर:

नाकारावी असे मी म्हणणार नाही, परंतु वेळापत्रक मागून घ्यावे. लॉस एंजेलिसचा संघ शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता न्यू जर्सीत उतरतो, तेव्हा खेळाडूंच्या शरीराचे घड्याळ दुपारचे चार दाखवत असते. त्याच फेरीत शेजारच्या आणखी एका विद्यापीठाशी सामना जोडला जातो आणि परतेपर्यंत रविवार उजाडतो. पश्चिमेकडून बिग टेनमध्ये गेलेल्यांपैकी यूएससी सोडता बाकी तिन्ही विद्यापीठांत सत्र दहा आठवड्यांचे असते, पंधरा आठवड्यांचे नव्हे. व्हॉलीबॉलचे कॉन्फरन्समधले सामने नेमके सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत येतात, त्यामुळे बुडालेल्या दोन तासिकांचे ओझे तिथे अधिक जाणवते. अभियांत्रिकी किंवा प्रयोगशाळेचे विषय घ्यायचे असतील, तर प्रवासात असताना प्रात्यक्षिके कशी भरून घेतात, हे प्रशिक्षकांपेक्षा संघातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचारावे.

शिष्यवृत्तीचे नियमही बदलले आहेत. जून २०२५ मध्ये न्यायालयात मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. यातला मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. त्याच वेळी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरचे बंधन जाऊन संघातल्या एकूण खेळाडूंवर बंधन आले. व्हॉलीबॉलमध्ये ते अठरा आहे. अठराही जणींना शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. एखादे विद्यापीठ प्रत्यक्षात किती जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देते, यावरून ते या खेळाकडे कसे पाहते ते कळेल.

फुटबॉल वेगळे काढावे आणि बाकीचे खेळ जवळच्या विद्यापीठांशी खेळावेत, ही सूचना नवी नाही. महाविद्यालयीन खेळांत सुधारणा सुचवणाऱ्या नाइट आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच सर्वोच्च पातळीवरचे फुटबॉल एनसीएएपासून अलग करावे असे सुचवले होते. ती प्रत्यक्षात येईल या भरवशावर मात्र राहू नये, कारण फुटबॉलच्या नावाने जमलेला पैसा इतर खेळांना पोसतो आणि तो धागा तोडायला क्रीडा विभाग धजावत नाहीत.

शेवटी वर्षांचा हिशेब. बिग टेनचा सध्याचा करार २०३० मध्ये आणि बिग ट्वेल्व्हचा २०३१ मध्ये संपतो. अटलांटिक कोस्टमधून बाहेर पडण्याचे शुल्क, मार्च २०२५ च्या तडजोडीनुसार, घटत घटत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येते, म्हणजे फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या तिच्या सदस्यांना तेव्हा दार किलकिले असेल. आपल्या स्नेह्यांची मुलगी २०२७ मध्ये प्रवेश घेणार असेल, तर तिचे चौथे वर्ष नेमके २०३०-३१ हेच असेल. ज्या कॉन्फरन्ससाठी ती विद्यापीठ निवडील, तिच्यातच ती शेवटचा सामना खेळेल, याची हमी आज कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही. त्यामुळे खेळ वजा केल्यावरही जिथे चार वर्षे शिकायला आवडेल अशा तीन-चार विद्यापीठांची यादी आधी करावी आणि कॉन्फरन्सचा विचार त्या यादीच्या आत करावा.