मदत हवी आहे : गुडविल (धंदा घेताना मालमत्तेच्या मूल्यावर दिलेली जादा रक्कम) किती वर्षांत खर्ची टाकून उतरवायचं?

सांगली मार्केट यार्डातला हळदीचा चालू धंदा एका प्रायव्हेट लिमिटेडने स्लम्प सेलने (सगळा धंदा एकरकमी किमतीला) 60 लाखांना घेतला. निव्वळ मालमत्ता रास्त मूल्याने 42 लाख, ट्रेडमार्क 5, उरलेले 13 लाख गुडविल. इंड एएस (मोठ्या कंपन्यांची लेखामानकं) लागू नाही, साधी लेखामानकं (एएस) लागू.

एएस 14 ची पाच वर्षांची मर्यादा कंपन्यांच्या एकत्रीकरणासाठी; इथे एएस 26 (अमूर्त मालमत्ता) धरून दहा वर्षं, म्हणजे सालाना 1.30 लाख, बरोबर ना? ट्रेडमार्कवर आयकरात 25 टक्के घसारा मिळेल. गुडविलवर आकारणी वर्ष 2021-22 पासून शून्य. मग पुस्तकातल्या आणि आयकरातल्या खर्चाचा हा फरक एएस 22 (उत्पन्नावरचा कर) मध्ये कायमचा धरायचा की टायमिंगचा (पुढे भरून निघणारा)? गुडविल विकताना खरेदीचा खर्च वजा मिळतो, तिथेच घोडं अडलंय.

व्हॅल्युअर ग्राहकयादी गुडविलपासून वेगळी अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवा म्हणतो. पण त्यासाठी नुसत्या यादीवर कंपनीचं नियंत्रण कसं सिद्ध करायचं?