'विश्वासात येणे' : हा प्रयोग मराठीत कुठून आला?

प्रश्न

माझ्या कार्यालयातील एक सहकारी आणि मी रोज ठाण्याहून एकाच लोकलने येतो. गेल्या आठवड्यात बोलता बोलता ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ २ वर्षांपूर्वी विश्वासात आला." वाक्य अपुरे राहिले असे वाटून मी विचारले, "कोणाच्या विश्वासात?" त्यावर ते हसले आणि म्हणाले की त्यांच्या मंडळीत असेच म्हणतात, येशूवर विश्वास ठेवू लागला एवढाच त्याचा अर्थ. गोंधळ इथे संपला असता, पण या सहकाऱ्यांचे घराणे अहमदनगरकडचे असून आजोबांपासून ख्रिस्ती आहे. घर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असताना भाऊ २ वर्षांपूर्वी कुठून कुठे आला? शिवाय ते भावाला 'विश्वासी' म्हणतात, 'विश्वासू' म्हणत नाहीत. माझ्या मराठीत 'विश्वासात घेणे' आहे, 'विश्वासातला माणूस' आहे, 'विश्वासाला जागणे' आहे, पण 'विश्वासात येणे' नाही. याचा उलगडा कोणी करील काय?

प्रतिसाद १

आपल्या शंकेतच निम्मे उत्तर दडले आहे. भाऊ ख्रिस्ती समाजात जन्माला आला होता, विश्वासात तो नंतर आला. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, विशेषतः जेथे वैयक्तिक निर्णयावर भर असतो तेथे, या दोन गोष्टी वेगळ्या मानतात, आणि त्या वेगळ्या ठेवण्यासाठीच हा प्रयोग रुळला आहे.

आधी 'विश्वासी' आणि 'विश्वासू' यांचे पाहू. बायबलमधील नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'पिस्तोस' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो: ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो तो, आणि जो भरवसा ठेवतो तो. मराठीला येथे निवड करावी लागते. घराच्या किल्ल्या ज्याच्याकडे निर्धास्तपणे द्याव्यात तो नोकर विश्वासू. जो स्वतः दुसऱ्याच्या हाती किल्ल्या देऊन मोकळा होतो त्याच्यासाठी रोजच्या मराठीत नाम नव्हते, म्हणून 'विश्वास ठेवणारा' या लांबलचक रचनेच्या जागी 'विश्वासी' आला. मला स्वतःला तो कानाला फारसा गोड लागत नाही, पण त्याचे काम दुसरा शब्द करीत नाही हेही मान्य केले पाहिजे.

आता क्रियापदे. मराठीत विश्वास 'बसतो' आणि विश्वास 'ठेवला' जातो, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. विश्वास बसणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. डोळ्यांनी पाहिले तरी विश्वास बसत नाही असे आपण म्हणतो आणि त्यात आपला दोष मानीत नाही. विश्वास ठेवणे ही मात्र कृती आहे. कर्ता मी आहे, आणि जेथे ठेवतो ती जागा 'वर' या शब्दयोगी अव्ययाने दाखवावी लागते: येशूवर, देवावर, त्याच्या शब्दावर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळाव्या वचनात मराठी अनुवादकांनी 'ठेवतो' हेच क्रियापद घातले आहे. देव आहे याबद्दल कोणाची खात्री पटली, तर तेवढ्याने तो विश्वासी होत नाही. खात्री पटलेला मनुष्य पाऊल उचलीलच असे नाही.

व्युत्पत्ती पाहिली तर 'विश्वास' हा 'वि' आणि 'श्वस्', म्हणजे श्वास घेणे, यांपासून झाला आहे. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे, हा त्याचा मूळ भाव. 'श्रद्धा' हा 'श्रत्' आणि 'धा' यांचा जोड असून त्यातील 'श्रत्' हृदयाशी निगडित मानला जातो आणि 'धा' म्हणजे ठेवणे. लॅटिनमधील 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', हा शब्द श्रद्धेचाच भाऊबंद आहे. ख्रिस्ती मतांगीकाराचे, म्हणजे विश्वास जाहीर करण्याच्या ठरलेल्या मजकुराचे, लॅटिन रूप याच शब्दाने सुरू होते. त्यामुळे 'श्रद्धा हिंदूंची आणि विश्वास ख्रिस्त्यांचा' अशी वाटणी जे करतात त्यांनी ही सोयरीक जरूर लक्षात घ्यावी.

अशा वेळी सहज आठवणारा दुसरा शब्द म्हणजे 'धर्मांतर'. हा शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. त्यात समाज बदलतो, कागदपत्रांवरील रकाना बदलतो, सोयरसंबंध बदलतात, परंतु देवाचा शोध घेणाऱ्याच्या आत काय घडले याविषयी तो काहीच सांगत नाही. याचा सर्वांत प्रामाणिक दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाविषयीच्या आत्मकथनात, त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला तेव्हा सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे आपल्याला कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे जावी लागली. म्हणजे रूढ भाषेत त्यांचे धर्मांतर १८८३ चे, आणि आपल्या सहकाऱ्यांच्या भाषेत त्या विश्वासात आल्या आठ वर्षांनी. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये येथे मुंबईतच झाला. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. क्रियापद पाहा, पुन्हा 'येणे'च आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली.

तेव्हा 'विश्वासात येणे' हे इंग्रजीचे भाषांतर आहे असे म्हणण्याची घाई करू नये. 'शुद्धीवर येणे', 'भानावर येणे', 'ताळ्यावर येणे', 'रांगेत येणे' ही मराठी रचना घरचीच आहे.

प्रतिसाद २

मी वसईचा कॅथलिक आहे, आणि आमच्या घरात 'विश्वासात आला' असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे बाप्तिस्म्याला 'स्नानसंस्कार' म्हणतात आणि तो बहुतेकांचा तान्हेपणीच होतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा आहे, त्यामुळे 'स्नान' अर्थाला धरून आहे आणि 'संस्कार' तर बारशापासून मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. प्रॉटेस्टंटांनी परका शब्द तसाच ठेवला, आम्ही भाषांतर केले. यात आमची सरशी आहे असे मला वाटते. अर्थात ते मान्य करणार नाहीत.

परंतु वरील प्रतिसादातील व्याकरणाचा मुद्दा आमच्या उपासनेतही खरा ठरतो. स्नानसंस्काराच्या वेळी पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता काय, असे तीन प्रश्न विचारले जातात. बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिते उत्तर देतात, आणि तेही प्रथमपुरुषी एकवचनात: "होय, मी विश्वास ठेवतो." 'आम्ही ठेवतो' असे नव्हे. मोठेपणी दृढीकरण या पुढच्या संस्काराच्या वेळी तेच उत्तर मुलाला स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते. प्रौढ वयात येऊ इच्छिणाऱ्याला मात्र कोणी आज विचारले आणि उद्या स्नान दिले असे होत नाही. त्याला बरेच महिने धर्मशिक्षण घ्यावे लागते आणि साधारणतः ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत त्याचा संस्कार होतो. त्यामुळे 'अमक्या दिवशी विश्वासात आला' यापेक्षा 'श्रद्धेत वाढला' हे आम्हाला अधिक जवळचे वाटते.

प्रतिसाद ३

अवांतर, पण विषयाला धरून. 'तारण' हा शब्द मुंबईत दोन पाट्यांवर दिसतो. एका पाटीवर 'सोने तारण कर्ज' असते आणि दुसरीवर 'येशू तारण करतो' असते. मी बँकेत ३० वर्षे काढली आहेत, त्यामुळे दुसरी पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा येशूने काय गहाण ठेवले, असाच प्रश्न माझ्या मनात आला. दोन्हींच्या मुळाशी 'तॄ', म्हणजे तरून जाणे, हाच धातू आहे. 'मोक्ष' हा शब्द अनुवादकांनी का टाळला असावा हे उघड आहे: तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका सुचवतो, आणि येथे सुटका पापापासून आहे. 'मुक्ती' मात्र त्यांनी पूर्णपणे टाळलेली नाही. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मिशन तर त्याच नावाचे आहे.

याहून अडचणीचा शब्द 'खंडणी' आहे. येशू पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असे मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. ग्रीक 'लुत्रोन' म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. अनुवाद झाला त्या काळी शब्द बरोबर होता, पण ज्या शहरात पोलिसांचे खंडणीविरोधी पथक आहे तेथील नव्या वाचकासमोर भलतेच चित्र उभे राहते. 'सुटकेची किंमत' म्हटले असते तर बरे झाले असते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आणखी एक विचारतो. सहकारी म्हणाले की भावाने आधी 'पश्चात्ताप केला'. त्याने कोणता गुन्हा केला होता असे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून येथे विचारतो. आणि 'नवा जन्म' व 'पुनर्जन्म' यांत फरक कोणता?

प्रतिसाद १ (पुढे)

गुन्हा विचारला नाहीत हे बरे केलेत. मराठी 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणे. भर भूतकाळावर, आणि नजर मागे वळलेली. ग्रीक 'मेतानोइया'मध्ये मन पालटणे आहे, आणि त्यामागे उभ्या असलेल्या हिब्रू परंपरेत 'शूव', म्हणजे मागे फिरणे, परतणे. त्यात रडणे येऊ शकते, परंतु नुसते रडून दिशा तीच राहिली तर मूळ शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. माझ्या मते या अर्थाचा सर्वांत चांगला मराठी शब्द अनुवादातच, पण दुसऱ्या ठिकाणी, सापडतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्र डुकरांच्या शेंगांवर पोट भरायला निघाला असताना 'शुद्धीवर' येतो, उठून बापाकडे जायचे ठरवतो आणि खरोखरच चालू लागतो. तो अजून दूर असतानाच बाप धावत येतो. शुद्धीवर येणे, उठणे आणि निघणे, ही तीन क्रियापदे एकत्र केली की 'मेतानोइया' होते.

'पुनर्जन्म' घेता येत नाही, कारण भारतीय वाचकाला त्यातून मृत्यूनंतरचा दुसरा देह दिसतो. गंमत अशी की येशूकडून नव्याने जन्मण्याची गोष्ट ऐकणाऱ्या निकदेमाचीही हीच फसगत झाली आणि म्हाताऱ्याने आईच्या उदरात पुन्हा कसे शिरावे असे त्याने विचारले. तेथील 'आनोथेन' या शब्दाचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन्ही अर्थ होतात, आणि मराठी 'नव्याने' पहिला अर्थ सांभाळते, दुसरा सोडते. जुन्या ख्रिस्ती लेखकांना अशा शब्दांचा धाक कमी होता. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला बेधडक 'वैकुंठ' म्हटले आहे.

प्रतिसाद ४

वरील सर्व वाचून मी 'मानणे' या शब्दाची भर घालते, कारण मुंबईत सुरुवात बहुधा तेथूनच होते. मी लालबागची. आईच्या आजारपणात शेजारणीने माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नऊ बुधवार करायला सांगितले. बाहेर मेणाचे हात, पाय, घर असे सारे विकायला असते, आणि रांगेत निम्म्याहून अधिक बायका माझ्यासारख्याच कुंकू लावलेल्या होत्या. त्यांतल्या कोणालाही विचारा, त्या म्हणतील, "आम्ही मानतो." विश्वास ठेवतो असे म्हणणार नाहीत. मानण्यात देव जास्त असले तरी अडचण होत नाही. मानणे नवसापाशी थांबू शकते, आणि माझेही कित्येक महिने थांबले होते.

पुढे मी नवा करार वाचू लागले आणि एका रात्री स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला बसले, तेव्हा संबोधनावर अडले. 'हे प्रभो' माझ्या तोंडात बसेना, 'आमच्या स्वर्गातील पित्या' हे पाठ केलेले वाटे, आणि 'आपण' म्हणावे की 'तू' हेही समजेना. शेवटी लहानपणापासून हात जोडताना जो शब्द येतो तोच आला: "बाप्पा, तू आहेस ना?" दुसऱ्या दिवशी मला त्याची लाज वाटली आणि मी हे पाळकांना सांगितले. त्यांनी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडून 'अब्बा, बापा' हे शब्द दाखवले आणि पुस्तक माझ्याकडे सरकवले. 'बाप्पा' आणि 'बापा' हे मुळात एकच आहेत काय, हे येथील जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ (पुढे)

एकच आहेत. दोन्ही 'बाप' याच शब्दाची हाक मारण्याची रूपे असून 'प्प' हे द्वित्व लाडाचे आहे. 'अब्बा' हा अरामी शब्दही घरात वडिलांना मारायच्या हाकेचाच आहे. आणि मराठी प्रार्थनेत देवाला 'तू'च म्हणतात, मग ती पंढरपूरची असो वा भायखळ्याची.