मदत हवी आहे: छोट्या वायरलेस कीबोर्डवर होम, एंड कुठे लपलेत?

नमस्कार मंडळी, नवीन ब्लूटूथ कीबोर्ड घेतलाय, ६१ बटणांचा, दिसायला मस्त आहे आणि टेबलावर जागा पण खूप वाचते, पण एफ१ ते एफ१२ ची रांगच नाही आणि होम, एंड, डिलीट, प्रिंट स्क्रीन सगळंच गायब. एफएन (Fn) बटण धरून वरचे आकडे दाबले की एफवाली बटणं चालतात, स्क्रीनशॉटचं पण विंडोज-शिफ्ट-एस ने भागतं, खरी अडचण होम-एंडची आहे, कारण माझं दिवसभर एक्सेल चालू असतं आणि कंट्रोल-एंड मारून शेवटच्या ओळीवर जायची हाताला सवय, शिवाय फॉर्म्युल्यात सेलचा पत्ता पक्का करणारं डॉलरचं चिन्ह ($) लावायला एफ४ सारखं लागतं त्यामुळे प्रत्येक वेळी एफएन धरून बसावं लागतं. डब्यातल्या कागदावर फक्त ब्लूटूथ जोडायची माहिती आहे, बाकी काही नाही. पॉवरटॉईज (मायक्रोसॉफ्टचं विंडोजसाठीचं टूल) टाकून बटणं बदलता येतात हे माहितीये, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत, आणि एफएनचा सिग्नल बहुतेक वेळा कीबोर्डच्या आतच राहतो, विंडोजपर्यंत पोचतच नाही. तर अशा कीबोर्डवर होम-एंड साधारण कोणत्या अक्षरांवर असतात? आणि एफएन लॉक, म्हणजे सारखं धरून न ठेवता ते चालूच राहील असं, कसं करायचं? कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा, महिनाअखेरीचे रिपोर्ट डोक्यावर आहेत.